कर्नेलची वेळ मागे जाते किंवा अचानक पुढे उडी घेते: उडीच्या आकारावरून कारण कसे शोधावे

कर्नेल म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा. त्याची वेळ बिघडली की लक्षणे साधारण अशी असतात. यंत्र काही तास किंवा काही दिवस सुरळीत चालते आणि मग एखाद्या ड्रायव्हरने मोजलेला कालावधी एकदम १,८४४ कोटी सेकंद येतो. किंवा पाच मिनिटांनी वाजायचा टायमर लावताक्षणीच वाजतो. किंवा लॉगमधील दोन सलग नोंदींपैकी नंतरच्या नोंदीवर आधीची वेळ दिसते. यंत्र पुन्हा सुरू केले की सारे ठीक होते आणि काही दिवसांनी तोच प्रकार पुन्हा घडतो. अशा वेळी पहिला संशय मदरबोर्डवर किंवा त्यावरील स्फटिकावर घेतला जातो. तो क्वचितच खरा ठरतो. दोष बहुधा काउंटर (ठरावीक वेगाने सतत वाढणारा हार्डवेअरमधील आकडा) वाचण्याच्या किंवा वाचलेला आकडा वापरण्याच्या पद्धतीत असतो, आणि तो कोणत्या टप्प्यावर आहे याचा सर्वांत विश्वासार्ह पुरावा म्हणजे उडीचा आकार. म्हणून कोड वाचायला बसण्याआधी उडी नेमकी किती काउंटची आहे हे मोजावे.

आधी कच्चा आकडा नोंदवा

नॅनोसेकंदात रूपांतर झालेली वेळ तपासात फारशी उपयोगाची नसते, कारण गुणाकार, सरकवणे आणि बेरीज यांत मूळ चुकीचा आकार बुजून जातो. प्रत्येक वाचनाबरोबर काउंटरचा कच्चा आकडा, त्याआधीचा कच्चा आकडा, वाचन ज्या कोअरवर झाले त्याचा क्रमांक आणि शक्य असल्यास दुसऱ्या एखाद्या स्वतंत्र घड्याळाचा आकडा, इतके ठेवावे. ही नोंद थेट कन्सोलवर छापू नये. छापणारे फंक्शन स्वतःच वेळ वाचते, लॉक घेते आणि सारा कालक्रम इतका बदलून टाकते की दोष दिसेनासा होतो. प्रत्येक कोअरसाठी स्मृतीत एक छोटा वर्तुळाकार बफर ठेवावा आणि फरक अपेक्षेबाहेर गेला तरच त्यातील मजकूर बाहेर काढावा.

उडी हाती आली की ती काउंटरच्या वारंवारतेशी ताडून पाहावी. एसीपीआय या वीज-व्यवस्थापन प्रमाणकातील पॉवर मॅनेजमेंट टायमर ३.५७९५४५ मेगाहर्ट्झवर चालतो आणि अनेक यंत्रांवर तो केवळ २४ बिटांचा असतो. म्हणजे तो दर ४.६९ सेकंदांनी शून्यावर येतो. तोच ३२ बिटांचा असेल तर वळसा पूर्ण व्हायला जवळजवळ २० मिनिटे लागतात. एचपीईटी (चिपसेटमधील अधिक सूक्ष्म टायमर) १४.३१८१८ मेगाहर्ट्झवर चालत असेल तर त्याचे खालचे ३२ बिट २९९.९७ सेकंदांत भरतात आणि २४ मेगाहर्ट्झवर असेल तर १७८.९६ सेकंदांत. मात्र एचपीईटीची वारंवारता गृहीत धरू नये. प्रमाणक फक्त किमान १० मेगाहर्ट्झची अट घालते आणि खरा कालखंड फेम्टोसेकंदांत क्षमता-रजिस्टरमध्ये दिलेला असतो. प्रोसेसरच्या आतला टीएससी हा काउंटर ३ गिगाहर्ट्झने मोजत असेल तर त्याचे खालचे ३२ बिट १.४३ सेकंदांतच संपतात. उडी यांपैकी एखाद्या संख्येशी जुळली तर अर्धे काम झाले असे समजावे.

उडी बरोबर दोनच्या ३२ व्या घाताइतकी असेल तर

हा प्रकार सर्वाधिक वेळा भेटतो. ६४ बिटांचा काउंटर ३२ बिटांच्या दोन वाचनांत घेतला गेला आणि त्या दोहोंच्या मध्ये खालचा अर्धा भाग भरून शून्यावर आला, की जोडलेला आकडा अस्तित्वातच नसलेली वेळ दाखवतो. भिंतीवरच्या घड्याळात ९ वाजून ५९ मिनिटे झालेली असताना आधी तासकाटा पाहावा आणि मिनिटकाटा पाहीपर्यंत दहा वाजावेत, तर वेळ नऊची वाटते. इथे तेच घडते. वरचा भाग आधी वाचला असेल तर आकडा एका पूर्ण वळशाने मागे पडतो आणि खालचा भाग आधी वाचला असेल तर तेवढाच पुढे जातो. त्यामुळे उडीची दिशा पाहूनच कोडमध्ये वाचनाचा क्रम कोणता आहे हे सांगता येते. कंपायलरने तो क्रम बदललेला असेल तर तेही इथे उघड होते.

हा दोष इतका उशिरा का दिसतो याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. समजा १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा एचपीईटी सेकंदाला १,००० वेळा वाचला जातो आणि दोन अर्ध्या वाचनांमध्ये एक मायक्रोसेकंद जातो. म्हणजे प्रत्येक सेकंदातील एक मिलिसेकंद धोक्याचा आहे आणि एखादा वळसा नेमका त्यात सापडण्याची शक्यता हजारात एक. दिवसाला २८८ वळसे होतात. तेव्हा सरासरीने साडेतीन दिवसांतून एकदा चूक दिसेल. चाचणी तासभर चालवून कोड निर्दोष ठरवणाऱ्यांना तो दोष का सापडत नाही, हे या आकड्यांवरून कळते.

उपाय जुना आणि पक्का आहे. वरचा भाग वाचावा, मग खालचा, मग पुन्हा वरचा. वरच्या भागाची दोन्ही वाचने सारखी नसतील तर सगळे पुन्हा करावे. ३२ बिटांच्या रिस्क-फाइव्ह प्रोसेसरवर वेळेचे रजिस्टर वाचण्यासाठी हीच पद्धत वापरतात. तिन्ही वाचने व्होलाटाइल असली पाहिजेत, नाही तर कंपायलर तिसरे वाचन अनावश्यक समजून गाळू शकतो. ६४ बिटांच्या प्रोसेसरवर हा प्रश्न उद्भवणारच नाही असे मानणेही धोक्याचे आहे, कारण प्रोसेसरने एका सूचनेत मागितलेले ८ बाइट मधली बस दोन तुकड्यांत आणू शकते आणि एचपीईटीचे प्रमाणक तशी पूर्वसूचना देते. लिनक्सने यातून सरळ मार्ग काढला आहे: तो एचपीईटीचे फक्त खालचे ३२ बिट वाचतो आणि वळशांचा हिशेब सॉफ्टवेअरमध्ये ठेवतो. माझ्या मते नवीन कोड लिहिणाऱ्याने हाच मार्ग घ्यावा. ६४ बिट मिळतात म्हणून ते वापरलेच पाहिजेत असे नाही.

टीएससीच्या बाबतीत याच कुळातला आणखी एक दोष आढळतो. टीएससी वाचणारी सूचना निकाल दोन रजिस्टरांत विभागून देते. जीसीसी या कंपायलरच्या इनलाइन असेंब्लीत (सी कोडमध्ये थेट लिहिलेल्या यंत्रसूचनांत) त्या जोडीसाठी ३२ बिटांच्या काळातले एकाक्षरी बंधन (निकाल कोणत्या रजिस्टरात येईल हे सांगणारी खूण) वापरलेले असेल आणि तोच कोड ६४ बिटांसाठी बांधला, तर त्या बंधनाचा अर्थ दोहोंपैकी कोणतेही एक रजिस्टर असा होतो आणि निकालाचा वरचा अर्धा भाग हरवतो. वेळ दर दीड सेकंदाच्या आसपास मागे येत असेल तर प्रथम ही ओळ पाहावी. दोन्ही रजिस्टरे वेगवेगळी घेऊन वरचा भाग ३२ ने सरकवून जोडला की प्रश्न मिटतो.

दुरुस्ती केल्यावर ती तपासण्यासाठी साडेतीन दिवस थांबायचे कारण नाही. एचपीईटीचा काउंटर थांबवून त्यात हवा तो आकडा लिहिता येतो. खालचे ३२ बिट भरायला काही हजार काउंट उरतील असा आकडा लिहून तो पुन्हा सुरू करावा आणि हे शेकडो वेळा करावे. लिनक्समध्ये जिफीज या टायमरच्या ठोक्यांच्या मोजणीची सुरुवात मुद्दाम अशी ठेवली आहे की यंत्र सुरू झाल्यावर पाच मिनिटांत तिचा वळसा पूर्ण होतो. हेतू हाच, की वळशातील चुका वर्षभराने ग्राहकाकडे दिसण्याऐवजी लगेच विकसकासमोर याव्यात.

उडी काउंटरच्या पूर्ण वळशाएवढी, पण वाचन तर एकसंध आहे

मागचा आणि आताचा आकडा यांतील फरक काढताना वजाबाकी चिन्हरहित करावी आणि उत्तरावर काउंटरच्या रुंदीचा मास्क लावावा (तेवढेच खालचे बिट ठेवावेत). म्हणजे वळसा आपोआप सांभाळला जातो. आताचा आकडा लहान असेल तर एक वळसा मिळवा, अशी अट घालणारा कोड दिसायला समजण्याजोगा असतो, पण रुंदी चुकीची धरली की तो फसतो. २४ बिटांच्या टायमरला ३२ बिटांचा समजल्यामुळे दर ४.६९ सेकंदांनी वेळ सुमारे २० मिनिटे पुढे जाते. रुंदी किती हे फर्मवेअरच्या (यंत्रात आधीच बसवलेल्या मूळ सॉफ्टवेअरच्या) तक्त्यातील एक बिट सांगतो. तो वाचावा आणि शंका असल्यास २४ बिटच धरावेत.

मास्कची दुसरी बाजू अधिक फसवी आहे. काही कारणाने आताचा आकडा मागच्यापेक्षा अगदी थोडा, समजा १०० काउंट, लहान आला तर मास्क त्याला जवळजवळ पूर्ण वळसा समजतो. म्हणजे चूक १०० काउंट मागे जाण्याची असते आणि ती दिसते मात्र पुढच्या प्रचंड उडीच्या रूपात. ऑलविनर ए६४ या आर्म चिपवरचा प्रसिद्ध दोष असाच होता. तिचा काउंटर २४ मेगाहर्ट्झवर चालतो आणि खालचे बिट भरून वरचा बिट उलटताना केलेले वाचन अधूनमधून चुकीचे येते. ५६ बिटांच्या मास्कमुळे त्या किरकोळ चुकीची पूर्ण वळशाएवढी उडी झाली आणि यंत्रांवरची तारीख सुमारे ९५ वर्षे पुढे गेली. लिनक्समधील उपाय असा, की खालचे ९ बिट सगळे शून्य किंवा सगळे एक असतील तर ते वाचन टाकून पुन्हा वाचायचे. कॉर्टेक्स ए७३ च्या एका दोषात ३२ वा बिट बदलताना चूक होते. तिथे लागोपाठ दोनदा वाचून तो बिट वेगळा आला तर जुने वाचन घेतात. इंटेलच्या पीआयआयएक्स४ चिपसेटच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत पॉवर मॅनेजमेंट टायमरही वाचताना स्थिर राहत नसे, म्हणून तो तीनदा वाचून आकडे क्रमाने वाढत आहेत ना हे पाहावे लागे. हार्डवेअर निर्दोष असते असे मला म्हणायचे नाही. पण त्याचे दोष बहुतेक ठिकाणी आधीच नोंदलेले असतात आणि उत्पादकाच्या दोषयादीत सापडतात.

सर्वसाधारण बचाव म्हणून, मास्क लावल्यानंतर फरकाचा सर्वांत वरचा बिट एक असेल, म्हणजे फरक अर्ध्या वळशापेक्षा मोठा असेल, तर तो मागे गेलेला समजून शून्य धरावा. लिनक्सच्या क्लॉकसोर्स, म्हणजे वेळेचा स्रोत सांभाळणाऱ्या, कोडमध्ये अशी तपासणी आहे. तिची किंमत ही, की काउंटर अर्ध्या वळशाच्या आत एकदा तरी वाचला गेलाच पाहिजे. निष्क्रिय असताना नियमित इंटरप्ट बंद ठेवणाऱ्या कर्नेलमध्ये झोपेची कमाल मर्यादा यावरूनच ठरवावी लागते.

मागे जाणे काही दहा ते शंभर नॅनोसेकंदांचे असेल तर

इतकी लहान चूक एकाच कोअरवर दिसत असेल तर सूचनांच्या क्रमावर संशय घ्यावा. टीएससी वाचणारी सूचना आधीच्या सूचना पूर्ण होण्याची वाट पाहत नाही. प्रोसेसर तिला पुढे ओढू शकतो. मग सामायिक स्मृतीतून मागचा आकडा वाचण्याआधीच काउंटर वाचला जातो आणि दरम्यान दुसऱ्या कोअरने मागचा आकडा अद्ययावत केलेला असतो. यासाठी वाचनाआधी लोड-फेन्स (आधीच्या सूचना पूर्ण होईपर्यंत थांबवणारी सूचना) लावावा किंवा आरडीटीएससीपी नावाने ओळखले जाणारे वाचनाच्या सूचनेचे दुसरे रूप वापरावे. ते रूप आधीच्या सूचनांसाठी थांबते, पण नंतरच्या सूचनांना अडवत नाही. म्हणून एखाद्या कोडच्या तुकड्याचा कालावधी मोजताना त्याच्यानंतरही अडथळा हवा. एएमडीच्या अनेक प्रोसेसरांवर लोड-फेन्स असा क्रमपालक ठरण्यासाठी एका मॉडेल-विशिष्ट रजिस्टरमधील बिट लावावा लागतो, जो लिनक्स स्वतः लावतो. स्वतःचा कर्नेल लिहिणाऱ्याने तो लावायला विसरू नये. आर्मवर काउंटर वाचण्याआधी सूचना-समक्रमण अडथळा देतात.

चूक फक्त कोअर बदलल्यावर दिसत असेल आणि दरवेळी जवळपास तेवढीच असेल, तर त्या दोन कोअरांचे टीएससी एकमेकांशी जुळलेले नाहीत. यासाठीच नोंदीत कोअरचा क्रमांक हवा. टीएससी १९९३ च्या पेंटियममध्ये आला तेव्हा तो प्रोसेसरच्या घड्याळाबरोबर वेग बदलत असे आणि पुढच्या काही पिढ्यांत खोल निद्रेत थांबतही असे. आजच्या प्रोसेसरांत तो स्थिर वेगाने अखंड चालतो. तशी ग्वाही सीपीयूआयडीच्या (प्रोसेसरच्या क्षमता सांगणाऱ्या सूचनेच्या) एका बिटातून मिळते, पण ती वेगाची ग्वाही आहे. सर्व कोअरांचा आकडा सारखा असेल याची नाही. काही फर्मवेअर स्वतःच्या व्यवस्थापन इंटरप्टमध्ये घालवलेला वेळ लपवण्यासाठी टीएससीमध्ये परस्पर लिहितात. इंटेलने हॅसवेल पिढीपासून दिलेल्या टीएससी-अ‍ॅडजस्ट रजिस्टरमुळे ही लबाडी पकडता येते, कारण टीएससीमध्ये लिहिलेला प्रत्येक फरक त्या रजिस्टरमध्ये उमटतो. सर्व कोअरांवर ते वाचून आकडे वेगळे आले तर दोष तुमच्या कोडचा नाही.

प्रणालीने स्वतःच घड्याळ बदलले असेल तर

लिनक्सवर वेळ चुकत नसून सारे काही मंदावले अशी तक्रार असेल, तर प्रथम सिस्टिम-फाइल-व्यवस्थेतील क्लॉकसोर्सच्या निर्देशिकेत सध्याचा स्रोत कोणता दिसतो ते पाहावे. टीएससीच्या जागी एचपीईटी किंवा एसीपीआय टायमर असेल तर कर्नेलच्या पहारेकऱ्याने (घड्याळे ताडून पाहणाऱ्या वॉचडॉगने) टीएससीला अस्थिर ठरवले आहे आणि लॉगमध्ये तसा संदेश सापडेल. फरक मोठा पडतो: टीएससी असताना वेळ विचारण्याचे काम व्हीडीएसओमार्फत (कर्नेलने प्रत्येक प्रोग्रामच्या स्मृतीत ठेवलेल्या कोडमार्फत) कर्नेलमध्ये न शिरताच काही दहा नॅनोसेकंदांत उरकते, तर एचपीईटी असताना प्रत्येक वेळी सिस्टिम कॉल करून चिपसेटपर्यंत जावे लागते. फ्रीबीएसडी या दुसऱ्या कार्यप्रणालीवर हीच माहिती सिसकंट्रोल या आज्ञेच्या टाइमकाउंटर शाखेत मिळते आणि उपलब्ध पर्यायांची यादीही तिथेच असते.

पहारेकऱ्याचे म्हणणे मात्र अंतिम मानू नये. तो अर्ध्या सेकंदाच्या अंतराने टीएससी आणि दुसरे घड्याळ वाचून ताडतो. त्या दोन वाचनांच्या मध्येच फर्मवेअरचा इंटरप्ट आला किंवा आभासी यंत्राचा प्रोसेसर यजमानाने काढून घेतला, तर टीएससी निर्दोष असूनही बदनाम होतो. म्हणून नव्या कर्नेलांत वाचनाला फार वेळ लागला तर पुन्हा प्रयत्न करतात. कधी कधी तर पहारेकऱ्याच्या हातातले घड्याळच बिघडलेले असते: इंटेलच्या कॉफी लेक पिढीतील काही यंत्रांवर सर्वांत खोल निद्रेत एचपीईटीच थांबत असे आणि दोष टीएससीवर येत असे. तेव्हा कर्नेलच्या आदेश-ओळीत टीएससीला विश्वासार्ह ठरवण्याचा पर्याय देण्याआधी संदेशातील दोन्ही आकडे वाचावेत, आणि खऱ्या वेळेपासून कोण ढळले हे नेटवर्कवरील वेळेशी ताडून ठरवावे. तो पर्याय डोळे झाकून देण्याचा सल्ला बराच फिरतो. खरोखर न जुळलेल्या टीएससीवर तो दिला की तक्रार बंद होते आणि चुकीची वेळ तशीच राहते.

यंत्र गोठते किंवा वेळ अर्धवट दिसते

वेळेच्या नोंदी अद्ययावत करणारा आणि त्या वाचणारे यांच्यात क्रमांक-लॉक असतो: लिहिताना क्रमांक विषम होतो, संपल्यावर सम. वाचणारा सम क्रमांक पाहून वाचतो आणि शेवटी तो बदलला असल्यास पुन्हा वाचतो. हार्डवेअर काउंटरचे वाचन या दोन तपासण्यांच्या आतच झाले पाहिजे. बाहेर झाले तर जुना काउंटर आणि नवा आधार यांची मिसळ होते आणि वेळ एका अद्ययावतीएवढी, म्हणजे साधारण १ ते १० मिलिसेकंद, मागे किंवा पुढे दिसते. अडवता न येणाऱ्या इंटरप्टमधून ही पद्धत वापरली तर तो इंटरप्ट लिहिणाऱ्यालाच मध्ये थांबवू शकतो आणि क्रमांक कधीच सम न झाल्याने कोअर कायमचा फिरत राहतो. अशा जागेसाठी लिनक्समध्ये नोंदीच्या दोन प्रती ठेवणारे जलद वाचन वेगळे दिलेले आहे, तेच वापरावे. केव्हीएम या आभासी यंत्रे चालवणाऱ्या लिनक्समधील व्यवस्थेच्या आभासी घड्याळातही आवृत्ती-क्रमांकाची हीच रचना असते आणि तिथेही विषम क्रमांकाचा अर्थ तोच.

दीर्घ काळाने, नेमक्या ठरावीक दिवशी

काउंट गुणिले गुणक, मग उजवीकडे सरकवणे, या रूपांतरात मधला गुणाकार ६४ बिटांत मावला पाहिजे. लिनक्सच्या जुन्या आवृत्त्यांत शेड्यूलरच्या घड्याळासाठी सरकवणे १० बिटांचे होते. गुणाकार दोनच्या ६४ व्या घातापाशी पोचला की नॅनोसेकंदांची मर्यादा दोनचा ५४ वा घात उरते, म्हणजे २०८.५ दिवस. तेवढे दिवस अखंड चाललेली यंत्रे त्या दिवशी कोसळू लागली आणि दुरुस्ती २०११ मध्ये झाली. चूक अशा नियमित दिवशी येत असेल तर मर्यादेचा आकडा दोनच्या घातात मांडून पाहावा. एकूण काउंटऐवजी फक्त मागच्या वाचनापासूनचा फरक गुणावा, हा उपाय. तोही डिबगरने यंत्र बराच वेळ थांबवून ठेवले किंवा आभासी यंत्र गोठवले तर अपुरा पडतो, कारण मग फरकच मोठा होतो. अशा वेळी १२८ बिटांचा मधला गुणाकार करावा किंवा फरक तुकड्यांनी गुणावा.

उडी नाहीच, पण वेळ सतत ढळते

हा वेगळा विकार आहे आणि वरील कोणताही उपाय त्याला लागू पडत नाही. तासागणिक चूक एकाच प्रमाणात वाढत असेल तर वारंवारता चुकीची धरली आहे. चूक साधारण ४ टक्के असेल तर २५ आणि २४ मेगाहर्ट्झच्या स्फटिकांत गल्लत झाली का ते पाहावे. स्कायलेक पिढीच्या काही वर्कस्टेशनांवर लिनक्समध्ये हीच गल्लत होती. चूक दहा लाखांत काही दहा भागांची असेल तर ती स्फटिकाची नैसर्गिक मर्यादा आहे आणि एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या पद्धतीने) ती सांभाळणे अपेक्षितच आहे. यांच्या मधली, म्हणजे दहा लाखांत ५०० भागांच्या वरची चूक असेल तर एनटीपीच्या नेहमीच्या हळूहळू दुरुस्तीची मर्यादा ओलांडली जाते; तिथे काउंटरची वारंवारता दुसऱ्या घड्याळाशी पुन्हा ताडून घ्यावी. मोजणीचा कालावधी काही मिलिसेकंदांऐवजी निदान एक सेकंद ठेवावा, आणि मोजताना इंटरप्ट आल्याने बिघडलेली वाचने वगळण्यासाठी प्रत्येक टोकाला अनेक वाचने घेऊन त्यांतील सर्वांत कमी वेळात पूर्ण झालेले वाचन धरावे.